घनफळ काढून आण

शांताराम झाडावर होता आणि प्राजक्ता खाली पोतं पसरून उभी होती. पाऊस थांबला होता, पण झाडाचा थांबला नव्हता. वर फांदी हलली की पोरीच्या डोक्यावर सरसर पाणी येई.

"बाबा, सांगून हालय मरे!"

"छत्री आणूची होती."

"छत्री धरू काय पोतां धरू?"

शांताराम वरून हसला. कांगलांची, म्हणजे मालकांगोणीची, वेल झाडाला गच्च वेढून शेंड्यापर्यंत गेली होती. घोस तिथेच लटकत होते, बोट घालायला जागा नाही असे. एका हाताने खोडाला मिठी, दुसऱ्या हातात कोयती, पायाचे अंगठे सालीच्या खाचेत. घोस तुटला की तो आधी पोरीचं नाव घ्यायचा, मग सोडायचा. माटोळीत टांगायची वस्तू चेंदली की तिला कोणी हात लावत नाही.

चतुर्थी तोंडावर आली होती. घराघरात गणपतीच्या वर लाकडी माटोळी बांधायची आणि तिला रानातली फळं, पानं, सुपारीची शिपटी, नारळांच्या घोसांच्या पेंडी टांगायच्या, म्हणून डिचोलीच्या बाजारात दोन दिवस नुसतं रान उतरायचं. एरवी बायको, यशोदा, त्याच्या जोडीला असे. यंदा तिचा पाय पाणंदीत मुरगळून हा एवढा सुजला, म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने पोरीला शाळेतून घरी ठेवलं. पालकांच्या सभेत विनोदिनीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "चतुर्थीच्या कामाला मुलांना ठेवून घेऊ नका. माझी विनंती आहे." तेव्हा सगळ्यात आधी मान हलवली ती शांतारामनेच.

तो दोडामार्गाकडचा. ऐन तारुण्यात खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून हद्द ओलांडून इकडे गोव्यात आला. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, मालक गेले, आणि मयेच्या तळ्यापलीकडच्या या गावात गोकुळदासबाबच्या कुळागरात त्याला काम लागलं. पोफळींना पाणी, शेण, आळी, शिपणं. पंपाजवळची एक खोली राहायला. गावात त्याला वाडा नव्हता, देवळात मान नव्हता, रेशनकार्डही पलीकडचंच होतं. पण डोंगर त्याचा होता. कुठल्या घळीत माट्टी लागते, घागऱ्या कधी पिकतात, कवंडळ कुणाच्या कुंपणावर चढलंय, हे गावच्या माणसांना ठाऊक नव्हतं तेवढं त्याला होतं. लोक मोबाइलवर पानाचा फोटो काढून त्याच्याकडे आणत. "शांताराम, हें कितें रे?" तो डोळे बारीक करून बघे आणि नाव सांगे. त्या क्षणी तो ताठ उभा असे.

पोतं डोक्यावर घेऊन दोघं रस्त्याला लागली तेव्हा शाळेची रिक्षा मागून आली. सेजल, प्राजक्ताच्या बाकावरची, अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "प्राजक्ता! बायनी सोमवारी घनफळ काढून हाडूंक सांगलां! सगळ्यांनी! विसरू नाका गो!"

"काय काढून?"

"घन-फळ!" आणि रिक्षा वळणावर गेली.

शाळेतही गणपतीच्या फोटोवर लहानशी माटोळी बांधत. बाईंनी प्रत्येकाला एकेक वस्तू वाटून दिली होती. सेजलला सुपारीचं शिपटं, प्राजक्ताला कांगलां. त्यात ही भर पडली असणार.

"बाबा, घनफळ खंय मेळता?"

शांतारामने डोक्यावरचं पोतं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला केलं. असं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं.

"मेळता," तो म्हणाला. "वरल्या रानात मेळता."

"कसां असता?"

"घन असता."

"घन म्हणजे?"

हे मात्र त्याला येत होतं. कीर्तनाचा त्याला भारी नाद. फोंड्याकडचा बुवा येवो की पेडण्याकडचा, खांबाला टेकून तो शेवटच्या आरतीपर्यंत हलायचा नाही. देवाला आनंदघन का म्हणतात ते एका बुवांनी मिठाचा खडा हातात धरून सांगितलं होतं. आतबाहेर नुसतं मीठ, मधे पोकळी नाही, बी नाही, साल नाही.

"घन म्हणजे आतबाहेर एकच. पोकळ नाय. जड," तो म्हणाला.

प्राजक्ताने मान डोलावली. बापाला ठाऊक नाही असं झाड तिने अजून बघितलेलं नव्हतं.

शनिवारी श्रावणातलं शेवटचं कीर्तन होतं. बुवांचा सूर लागला होता, टाळ चढले होते, पण शांतारामचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्याला आज उत्तररंग लांबल्यासारखा वाटला, आणि असं वाटल्याचं मनातून वाईटही वाटलं. आरती झाल्यावर तो बाबाजीच्या शेजारी जाऊन बसला. बाबाजी म्हणजे गावातला सगळ्यात जुना माणूस. आरतीला चामडं ताणलेलं मातीचं घुमट वाजवायचा आणि पोर्तुगिजांच्या वेळच्या गोष्टी सांगायचा.

"बाबाजी, घनफळ म्हणतत तां खंय खंय लागता ओ?" त्याने असं विचारलं, जणू फळ ठाऊक आहे, जागा तेवढी विसरलीय.

बाबाजीने घुमटावरची बोटं थांबवली. त्यालाही लगेच 'ठाऊक नाही' म्हणवलं नाही. "घनफळ!" तो म्हणाला. "रे, आमच्या आज्यान खाल्लेलें तें. देवराईच्या माथ्यार मेळटालें. आतां खंय? गेलें सगळें."

"कसली गोष्ट?" मागून गोकुळदासबाब वाकला. अंगावर इस्त्रीचा सदरा, कपाळाला अष्टगंध.

"घनफळ," बाबाजी म्हणाला. "आतांच्या लोकांक नांव लेगीत खबर ना."

गोकुळदासबाबचे डोळे चमकले. माटोळीच्या स्पर्धेत गेल्या वर्षी पलीकडच्या वाड्यावरच्या गुरुदासला पहिलं बक्षीस मिळालं होतं, ते एका अनोळखी डहाळीच्या जोरावर. तेव्हापासून बाबला ती डहाळी घशात अडकल्यासारखी झाली होती. "शांताराम, तुका मेळटलें?"

चार माणसं बघत होती. बुवासुद्धा पेटीचा भाता बंद करता करता इकडे बघत होते.

"मेळात, बाब. शाळेक एक आणूचांच आसा."

"म्हाका एक जाय," बाबने आपल्यासाठीही मागितलं आणि आवाज खाली आणला. "आनी गुरुदासाच्या कानार वचूंक जायना."

"होय, बाब."

रविवारी पहाटेच तो निघाला. देवराईच्या वरच्या अंगाला रान इतकं दाट की दिवस उजाडला तरी आत हिरवा काळोख. जळवा पोटऱ्यांना लागत होत्या; तो तंबाखूची थुंकी लावून त्या सोडवत होता. त्याने एकेक झाड असं बघितलं, जसं परका माणूस बघतो. जे जे दिसे त्याला नाव होतं. नाव नसलेलं काही सापडेना. दुपारपर्यंत सदरा अंगाला चिकटला, गुडघा खडकावर फुटला, भाकरी फडक्यातच भिजली. एका चिऱ्यावर बसून त्याने ती तशीच खाल्ली.

बसल्या जागीच समोरच्या वेलीवर त्याला ती फळं दिसली. मुठीपेक्षा मोठी, राखाडी, टणक. ही वेल त्याला ठाऊक होती. गावाकडे गुरं तिला तोंड लावत नसत. पोरं ती फळं एकमेकांना फेकून मारत, कपाळाला टेंगूळ येई. तिला नाव काय, हे कुणी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. कामाची वस्तू नव्हे ती.

त्याने एक फळ दगडावर ठेवून कोयतीने चिरलं. आत पोकळी नव्हती, बीही दिसली नाही. सालीपासून मध्यापर्यंत एकसारखा पांढरट गर.

"घन," तो स्वतःशीच म्हणाला.

पुन्हा बघितलं. ते फळ म्हणजे घनफळ नव्हे, असं तरी कोण सांगू शकणार होतं? त्याने दोन चांगली फळं देठासकट काढली आणि पानांत गुंडाळली. उतरताना त्याला वाटायला लागलं की लहानपणी कुणीतरी हेच नाव घेतलं होतं. घर आलं तोवर त्याची तशी खात्रीच झाली होती, किंवा होत आली होती.

गोकुळदासबाबने फळ हातात तोललं. "हेंच तें?"

"ह्यांच."

प्राजक्ताने दुसरं फळ दोन्ही हातांत धरून हुंगलं. "ह्यां काय तां, बाबा?"

"तांच."

सुजलेला पाय पाटावर ठेवून यशोदा तांदूळ निवडत होती. "नक्की मां?" ती म्हणाली. "ह्यां मेलां आमी बैलांका मारूक वापरायचो."

"तुका काय म्हायती?" तो खेकसला.

सोमवारी तो स्वतः शाळेत गेला. कांगलांचे घोस होते, पाऊस होता, पोरीला झेपलं नसतं, हे खरंच. पण फळ आपल्या हाताने टेबलावर ठेवावं असंही त्याला वाटत होतं. त्याने धुतलेला सदरा घातला. वर्गाच्या दाराशी चपला काढल्या. पाय चिखलाचे होते म्हणून आत जाताना चवड्यांवर चालला.

विनोदिनीबाई पोरांच्या वह्या बघत होत्या. बाकाबाकावर पुठ्ठ्याचे डबे होते. कुणाचा साबणाचा, कुणाचा चहाचा, कुणाची काडेपेटी. पट्टी, पेन्सिल, वहीत कसल्याशा बेरजा-गुणाकार. प्राजक्ता सेजलच्या शेजारी उभी होती आणि त्या डब्यांकडे बघत होती. तिचा चेहरा कसातरी झाला होता. दाराशी बाप दिसताच तिने मान हलवली, नको, नको, पण शांताराम बाईंकडे बघत होता.

"बाय, कांगलां. आणि ह्यां घनफळ," तो म्हणाला, आणि पानं सोडून फळ टेबलावर ठेवलं.

मग मागच्या बाकावरून एक जण फस्सकन हसला, आणि सगळा वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी आपटून हसत होती. "घनफळ! बाय, झाडावयलें घनफळ!" बाईंनी ओठ दाबले, तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

शांतारामलाही हसू आलं. फळ दिसायला ओबडधोबड आहे म्हणून पोरं हसतात असं त्याला वाटलं. तो हसत हसत म्हणाला, "दिसता तसां, पण आतसून एकदम घन आसा!"

हशा आणखी चढला. तेव्हा त्याची नजर प्राजक्तावर गेली. ती हसत नव्हती. ती बाकाच्या फळीवर नखाने रेघ ओढत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. शांतारामचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"गप्प!" बाई ओरडल्या. पदर खाली घेतला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "शांताराम, तसं नाही हो. घनफळ म्हणजे फळ नव्हे. गणितातला शब्द आहे."

"फळ नव्हे?"

"नव्हे. हे बघा." त्यांनी खोक्यातून लाकडी ठोकळे काढले, सगळ्या बाजू सारख्या असलेले. ते साबणाच्या डब्यात एकाला एक लावून भरले. "तळाला इतके मावले. असे थर किती, ते मोजायचे. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला की झालं. एखादी वस्तू किती जागा अडवते, ते तिचं घनफळ. ते काढायचं म्हणजे शोधून काढायचं. प्राजक्ता त्या दिवशी असती तर..." त्या थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही, पण ते सगळ्यांनी ऐकलं.

"आमका वाटला, माटोळीक," शांताराम म्हणाला.

"चूक माझीच. चतुर्थीच्या दिवसांत 'फळ काढून आणा' म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?" बाईंनी घाईघाईने पोरांकडे वळून बघितलं. आपण हसलो ते भरून काढायला काहीतरी करायला हवं, असं त्यांना झालं असावं. "आता मला सांगा, डब्याला लांबी-रुंदी आहे. ह्या फळाला आहे? पट्टी कुठे लावणार?"

पोरं विचारात पडली.

"मग ह्याचं घनफळ कसं काढायचं? सेजल, ती बाल्दी आण. पाण्याने काठोकाठ भर. खाली परात ठेव."

बाल्दी आली. पाणी अगदी काठाला टेकलं, थरथरलं, थांबलं. बाईंनी फळ दोरीने हळूच आत सोडलं. तरंगेल असं पोरांना वाटत होतं, पण ते दगडासारखं तळाला गेलं आणि पाणी चहूकडून परातीत ओघळलं. पोरं बाकांवर चढली. परातीतलं पाणी मापाच्या भांड्यात ओतलं. "जेवढी जागा फळाने अडवली, तेवढं पाणी बाहेर. पाण्याला बिचाऱ्याला जावंच लागलं." बाईंनी फळ्यावर आकडा लिहिला, पुढे घनसेंटिमीटर. "काढलं की नाही घनफळाचं घनफळ?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. धडा छान झाला होता. बाई प्रेमाने शांतारामकडे बघत होत्या, की आता तरी ह्या माणसाला बरं वाटेल. तो हात बांधून, भिंतीला पाठ लावून, जमेल तेवढी कमी जागा घेऊन उभा होता. निघावं तर सगळ्यांच्या समोरून जायला हवं होतं.

"बाय," पहिल्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं, "पूण ह्या फळाचें नांव कितें?"

"खरंच की! नाव काय हो ह्याचं, शांताराम? तुम्हाला तर ठाऊकच असणार. फळ्यावर लिहिते." बाईंनी खडू उचलला.

त्याने तोंड उघडलं. प्राजक्ताने त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली होती. वर्गातल्या सगळ्या डोळ्यांपेक्षा ते दोन डोळे त्याला जड झाले.

"नाव... ह्येका नाव नाय," तो म्हणाला आणि दाराकडे वळला. चपला पायांत घालताना उजवी-डावी चुकली, ती तशीच ओढत तो पाणंदीपर्यंत गेला.

शाळा सुटली तेव्हा तो वडाखाली थांबला होता. पोरं बाजूने जाताना कुजबुजली, एकाने "घनफळ आयलें!" म्हणून हाळी दिली आणि पळाला. प्राजक्ता थांबली नाही. ती पुढे, तो मागे, अशी ओढ्यापर्यंत चालत आली. साकवावर ती वळली.

"तुका म्हायत नव्हता?"

"नव्हता."

"मगे म्हायत आसा म्हणान कित्याक सांगलंस? नाय म्हणान सांगलां असतंस तर मी सेजलक फोन करून इचारलां असतंय."

ओढ्याचं पाणी गढूळ होऊन साकवाच्या फळ्यांना लागत होतं. "पोरां हसली म्हणान..." त्याने सुरुवात केली.

"हसंदेत," ती म्हणाली. "हसली म्हणान नाय," आणि डोळे पुसत पुढे गेली.

घरी यशोदेने सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. "बाबच्या घरात दुसरां आसा," एवढंच म्हणाली. "आताच जावन सांग. उद्या बांधूक बसतले."

"जातंय."

पण तो गेला नाही. गोठ्याच्या पडवीत बसून त्याने केवणीच्या साली सोलल्या, माटोळीच्या दोरांसाठी. एवढे दोर दोन माटोळ्यांना पुरले असते. एकदा पंपापर्यंत जाऊन आला. बाबच्या ओटीवर मुंबईचे पाहुणे आले होते. जनेलातून हसणं ऐकू येत होतं आणि त्या हसण्यात 'घनफळ' हा शब्दही आल्यासारखा वाटला. तो परत फिरला.

मंगळवारी सकाळी माटोळी बांधायला घेतली. दर वर्षी हा मान शांतारामचा. तो स्टुलावर चढे, खालून गोकुळदासबाब वस्तू देई, आणि कुठली कुठे शोभेल ते शांताराम ठरवी. नारळाची पेंड मधोमध, चिबूड आणि तोरंजन दोन अंगांना, कांगलां झालरीसारखी. ओटी माणसांनी भरली होती. बाबाजी घुमटाला ऊन दाखवायला बसला होता, उन्हाचा पत्ता नसताना. यंदा स्पर्धेसाठी प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी हवी होती. बाबचा नातू गौरेश म्हापशाच्या इंग्रजी शाळेतला. त्याचं देवनागरी अक्षर बाबलाच वाचता येईना.

"शांतारामाच्या चेडवाक आपय," बाब म्हणाला. "तिचें अक्षर मोत्यासारकें."

प्राजक्ता आली. पाटावर बसून तिने रंगीत पेनांनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. माट्टी. घागऱ्या. आंबाडे. कवंडळ. पाहुणे वाकून बघत होते, "वा, काय अक्षर!" म्हणत होते. शांताराम वर, दातांत केवणीचा दोर धरून. तिने वर बघितलं नाही आणि त्याने खाली.

मग बाबने फडक्यातून ते फळ काढलं. सगळ्यांना दिसेल असं हातावर धरलं.

"हें पळयात. गुरुदासाच्या बापायन पळोवंक ना. लिही गो, घनफळ."

प्राजक्ताचं पेन कोऱ्या चिठ्ठीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला.

"बरय मगो, लिही. घ, न..." बाब अक्षरं सांगू लागला.

"घनफळ?" गौरेश म्हणाला. "म्हणजे व्हॉल्यूम मगे गो? आमकां आसा तो धडो."

प्राजक्ताचा हात हलत नव्हता. शांतारामला वरून तिचा भांग दिसत होता, आणि मानेवरचं ते नाजूक हाड. ती लिहील, हे त्याला दिसलं. मोठ्या माणसाने सांगितलं, बाप गप्प बसला, तर पोर काय करणार? ती लिहील, मोत्यासारखं लिहील.

त्याने दातांतला दोर काढला. "लिव नको," तो म्हणाला, आणि स्टुलावरून उतरला. "बाब, ह्यां घनफळ नाय. असां फळच नाय. शाळेतलो हिशेब असता तो. माका समाजलां नाय आणि मी तुमका खोटां सांगलंय."

"मागीर हें कितें?"

"माका म्हायत नाय."

बाबाजी घुमटाचं चामडं चाचपत म्हणाला, "म्हाकाय मातसो दुबाव आसलोच," जणू ही शंका त्याला पहिल्यापासूनच होती. एक पाहुणा आधी खोकला, मग हसला. मग दुसरा. गोकुळदासबाबच्या मानेवर लाली चढत गेली. फळ अजून त्याच्या उघड्या तळहातावरच होतं.

"सगळ्या वाड्याक सांगलां हांवें," तो हळू म्हणाला. "फोन करून सांगलां." मग आवाज चढला. "आतां कितें? परीक्षक शारांतले. तांकां कितें कळटा? बरय गो तूं. घनफळ म्हणून बरय."

प्राजक्ताने बापाकडे बघितलं.

"नाय, बाब," शांताराम म्हणाला. "फळ ठेवा नायतर उडवून टाका. माका काय बोलूचा तां बोला. पण खोटां नाव तिच्या हातान नको."

"तुजें चेडूं काय राजकन्या?"

"नाय, बाब."

गोकुळदासबाबने फळ जनेलातून बाहेर भिरकावलं. ते अंगणातल्या पाण्यात धप्पकन पडलं. "वच," दाराकडे बोट करून तो म्हणाला. "माटोळी गौरेश बांदतलो."

शांतारामने हातातला दोर स्टुलावर ठेवला. सगळ्यांच्या मधून, कोणाचा पाय लागणार नाही असा, तो बाहेर आला. त्या दिवशी बाकीच्या चिठ्ठ्या प्राजक्ताने लिहिल्या की नाही, हे त्याने विचारलं नाही. ती उशिरा आली. हातांना रंग लागला होता. जेवताना तिने स्वतःच्या पानातला पापड त्याच्या पानात ठेवला, तो त्याने खाल्ला.

चतुर्थीच्या संध्याकाळी बाबच्या घरी आरतीला जायचं की नाही, यावर नवरा-बायको बराच वेळ बोलली. "देव काय तेंच्या एकट्याचो?" यशोदा म्हणाली. काठी टेकत तीही निघाली. तिघं अगदी मागे, दारापाशी उभी राहिली. माटोळी एका बाजूला कलली होती. पेंड मधोमध नव्हती. शांतारामचे हात आपोआप शिवशिवले, ते त्याने पाठीमागे धरले. घुमट घुमत होतं, समेळ साथ देत होतं, आणि आरत्या एकीतून दुसरीत जात होत्या. गायला लागल्यावर त्याला थोडं बरं वाटलं. देवासमोर सगळ्यांचा आवाज एकच होतो.

आरती संपून प्रसाद वाटायला घेतला तेव्हा मुंबईच्या पाहुणीने वर बोट केलं. कुणीतरी आयत्या वेळी आणून टांगलेली, तांबूस पानांची डहाळी होती. तिला चिठ्ठी नव्हती.

"ह्याचं नाव काय हो?"

गोकुळदासबाबने वर बघितलं. बाबाजीने वर बघितलं. बाबाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाबची नजर माणसांच्या डोक्यांवरून, नाइलाजाने, दारापाशी आली. त्याने नाव घेतलं नाही, नुसती हनुवटी वर केली.

सगळी डोकी मागे वळली. शांताराम दोन पावलं पुढे आला. डोळे बारीक करून त्याने पान बघितलं, पानाची शीर बघितली, देठाचा रंग बघितला. एकदोन नावं त्याच्या जिभेवर आलीही. कोणीही खरी मानली असती. शेजारी प्राजक्ता उभी आहे हे त्याला बघावं लागलं नाही.

"म्हायत नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पाहुणीने "अच्छा" म्हटलं. मागून कोणीतरी "घनफळ आसतलें" म्हणून पुटपुटलं, एकदोघं हसली. गोकुळदासबाब हसला नाही. त्याने डहाळीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"गौरेश," डहाळी खाली घेण्याची खूण करत तो म्हणाला, "ती काड सकयल. शांतारामाच्या हातांत दी. घरा व्हरून बरी पळोवं दी ताका."